पहाऱ्यावरचे शब्द

भाषा हा मनाचा आरसा आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे वचन आम्हीही वर्गात अनेक वर्षे सांगत आलो, आणि विद्यार्थ्यांनीही ते उत्तरपत्रिकांत इमानाने उतरवून आम्हांस परत केले. परंतु ज्या माणसाला पगारासाठी दुसऱ्याने दिलेले शब्द बोलावे लागतात, त्याची भाषा नेमक्या कोणाच्या मनाचा आरसा समजावयाची, हा प्रश्न आम्हांस कधी सुचला नव्हता. तो सुचण्यास आमच्याच इमारतीच्या दारावर घडलेला एक प्रसंग कारण झाला. प्रसंग लहान आहे; त्यात कोणाचे प्राण गेले नाहीत की कोणाची द्रव्यहानी झाली नाही. तथापि तेव्हापासून तो आमच्या मनातून गेलेला नाही, म्हणून वाचकांपुढे मांडीत आहो.

आमच्या महाविद्यालयात तीस वर्षे शिपाई म्हणून काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमच्याकडे आले. ज्या दिवशी आम्ही तेथे पहिले व्याख्यान दिले, त्या दिवशी खडू त्यांनीच आमच्या हाती दिला होता, आणि आमचा हात कापतो आहे असे पाहून 'घाबरू नका सर, पोरं चांगली आहेत' असा धीरही दिला होता. धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी, पायांत झिजलेल्या वहाणा, हा त्यांचा नित्याचा वेष. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांस हटकले. 'ए बाबा, कुठं चाललास? कोण पाहिजे?' असे विचारले, पिशवी उघडून दाखवावयास सांगितले, आणि दूरध्वनीवर आमचे घर लागेना तेव्हा 'बाजूला थांब' म्हणून फाटकाबाहेर उन्हात उभे केले. त्यांच्या मागून एक मोटार आली. तिच्यातील गृहस्थ कोण, कोठले, कोणाकडे चालले, हे कोणी विचारले नाही. पहारेकऱ्याने सलाम केला व फाटक उघडले. अर्धा तास वाट पाहून आमचे वृद्ध स्नेही पत्रिका चौकीत ठेवून निघून गेले.

सायंकाळी पत्रिका हाती आली तेव्हा आम्ही तडक खाली उतरलो व पहारेकऱ्यास बरेच बोललो. त्याने सर्व ऐकून घेतले. हकीकत घडली तशी, काही न लपविता, सांगितली. आणि मग चौकीतील नोंदवही उघडून तिच्या पहिल्या पानावर चिकटविलेला कागद आमच्यापुढे धरला. त्यावर लिहिले होते : 'फेरीवाले, वर्गणी मागणारे व संशयास्पद इसम यांस आत सोडू नये. रहिवाशांच्या व पाहुण्यांच्या वाहनांचा खोळंबा होऊ देऊ नये.' खाली व्यवस्थापक समितीच्या पाच सह्या होत्या. तिसरी आमची होती.

'सर,' तो म्हणाला, 'संशयास्पद माणूस दिसतो कसा, तेवढं सांगून ठेवा.'

आम्ही निरुत्तर होऊन वर आलो. त्या दिवसापासून मात्र पहारेकऱ्यांची भाषा आम्ही कान देऊन ऐकू लागलो.

ती ऐकू लागल्यावर प्रथम ध्यानात येते ते हे की, या भाषेतील फारच थोडे शब्द पहारेकऱ्याने स्वतः घडविलेले आहेत. ज्याने ज्याने त्यास दारावर उभे केले, त्याने त्याने जाताना आपले शब्द त्याच्यापाशी ठेवले. 'पहारा' हा शब्दच घ्या. तो 'प्रहर' या संस्कृत शब्दापासून आला. दिवसरात्रीचे आठ प्रहर, एक प्रहर तीन तासांचा. आज आमच्या दारावरील मनुष्य बारा तास, म्हणजे चार प्रहर, उभा असतो. आणि पुढच्या पाळीचा मनुष्य आला नाही की तो 'डबल' करतो, म्हणजे आठही प्रहर तोच. 'डबल' हा त्याच्या बोलण्यातील नित्याचा शब्द आहे, आणि तो उच्चारताना त्याच्या स्वरात तक्रार नसते, जादा पैशांचा हिशेब असतो. 'गस्त' हा शब्द फारशीतून आला, त्याचा अर्थ फेरी. 'हवालदार' म्हणजे ज्याच्या हवाली काही केले आहे असा. मग इंग्रज आले आणि ड्यूटी, पॉइंट, राउंड, चार्ज, रिलिव्हर, गेटपास हे शब्द देऊन गेले. २०२० साली साथ आली, तिने टेम्परेचर आणि सॅनिटायझर हे दिले. त्यानंतर भ्रमणध्वनीवरील यंत्रणांनी 'एन्ट्री', 'ओटीपी' व 'ॲप्रूव्हल' यांची भर घातली.

या शब्दांपैकी एकाची कथा येथे सांगण्यासारखी आहे. इंग्रजी लष्करात पहाऱ्यावरील शिपाई अंधारात चाहूल लागताच 'कोण येतो तेथे?' अशा अर्थाची हाक देत असे. ती हाक हिंदी शिपायांच्या तोंडी 'हुकुमदार' अशी झाली, हे प्रसिद्धच आहे. परभाषेतील त्या ध्वनीत शिपायाने आपल्या ओळखीचा शब्द शोधला, आणि त्यास सापडला तो 'हुकूम'! भाषाशास्त्रज्ञ यास अपभ्रंश म्हणून सोडून देतील. आम्हांस मात्र त्या शिपायाने मूळ वाक्याचा खरा अर्थच पकडला होता असे वाटते. प्रश्न त्याचा नव्हताच. त्याच्या तोंडून विचारणारा दुसराच कोणी होता.

आजच्या पहारेकऱ्याच्या वाक्यांची रचना पाहिली म्हणजे हेच अधिक स्पष्ट होते. 'अलाऊड नाही.' 'वरून ऑर्डर आहे.' 'ॲप्रूव्हल आलं नाही.' 'सोडता येत नाही.' व्याकरणाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास यांत एक गोष्ट तत्काळ दिसेल : या वाक्यांत मनाई आहे, पण मनाई करणारा नाही. परवानगी कोणी नाकारली? आज्ञा 'वरून' आली, म्हणजे कोठून? पहारेकरी ते सांगत नाही, कारण सांगण्याचा त्यास अधिकार नाही. आणि आम्हांसही ते सांगितलेले नकोच असते. आमच्या इमारतीत 'वरून' याचा अर्थ चौथ्या मजल्यावरून असा होता. परंतु आमचे वृद्ध स्नेही उन्हात उभे होते तेव्हा त्यांस अडविणारा कर्ता वाक्यात कोठेच नव्हता.

याच्या उलट, जेथे व्याकरण त्यास मोकळीक देत नाही असे एक स्थळ आहे, ते सर्वनामाचे. इंग्रजीत समोरच्या माणसास संबोधावयास एकच सर्वनाम पुरते. राजा असो वा रंक असो. मराठीत तू, तुम्ही आणि आपण असे तीन दरवाजे आहेत, आणि पहारेकऱ्यास समोरून येणाऱ्या अनोळखी मनुष्यासाठी त्यांपैकी कोणता उघडावयाचा हे निमिषात ठरवावे लागते. ठरविण्याची साधने कोणती? नाव त्यास ठाऊक नाही, शील ठाऊक नाही, विद्या ठाऊक नाही. मग तो पायांकडे पाहतो. वहाण झिजलेली असली की 'तू'. बूट असला की 'सर'. मोटार असली की शब्दच नको, सलाम पुरे. आम्ही विद्वान लोक ज्या न्यायनिवाड्यास ग्रंथांचे आधार शोधीत बसतो, तो निवाडा हा मनुष्य दिवसातून शेकडो वेळा उभ्या उभ्या करीत असतो. आणि त्याचे शिक्षण त्यास कोणी दिलेले नसते.

कायद्याने काही शिक्षण सांगितले आहे, हे नमूद करणे न्याय्य होईल. खाजगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा कायदा २००५ साली झाला, आणि २००६ च्या नमुना-नियमांनी पहारेकऱ्यास शंभर तास वर्गात व साठ तास प्रत्यक्ष जागेवर शिक्षण द्यावे असे ठरविले. त्या विषयांच्या यादीत आग विझविणे आहे, गर्दी आवरणे आहे, प्रथमोपचार आहे. ओळखपत्रांवरील इंग्रजी अक्षरे व आकडे वाचता येणे आहे. पोलीस व सैन्य यांतील हुद्द्यांची चिन्हे ओळखणे आहे. लोकांशी कसे वागावे हेही आहे, परंतु गणवेष नीट कसा घालावा या बाबीच्या शेजारी. हुद्दा ओळखावयास शिकविण्याची ही तरतूद योग्यच आहे. मात्र ज्याच्या अंगावर कोणतेच चिन्ह नाही अशास कसे ओळखावे, हा प्रश्न त्या यादीत बसण्यासारखा नाही. तो आमच्या नोंदवहीतील कागदाने सोडविला होता, 'संशयास्पद इसम' या दोन शब्दांनी. 'इसम' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ नाव. आणि मराठीत आपण तो वापरतो ज्याचे नाव विचारण्याचे कारण वाटत नाही अशा माणसासाठी!

येथे कोणी म्हणेल की, हा सर्व शब्दच्छल आहे. दारावर पहारा नको काय? हा आक्षेप क्षुल्लक नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर जो हल्ला झाला, त्यानंतर रुग्णालये, दुकाने, नाट्यगृहे यांच्या दारांवर झडतीची चौकट उभी राहिली, आणि ती उगीच उभी राहिली असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. ज्या इमारतीत म्हातारी माणसे दिवसभर एकटी असतात, तेथे येणाऱ्यास 'आपण कोण?' असे विचारणे हे पहारेकऱ्याचे काम आहे व ते त्याने केलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, विचारणे निराळे आणि हलके लेखणे निराळे.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद झाले. दूध विकावयास आलेली हिरकणी आत अडकली. खाली घरी तान्हे मूल होते. तिने विनवण्या केल्या, पण पहारेकऱ्यांनी दरवाजा उघडला नाही, आणि ती माउली अंधारात कडा उतरून गेली. आपण ही कथा मातृप्रेमाचे उदाहरण म्हणून सांगतो. त्या पहारेकऱ्यांचा विचार कोणी करीत नाही. ते निर्दय होते काय? एका परीने होते. परंतु त्यांनी हिरकणीस संशयित म्हटले नाही. दरवाजा बंद झाला होता तो गवळणीस बंद झाला, तसा सरदारासही बंद झाला. तिचे दुःख थोर आहे, पण ते दुःख अपमानाचे नव्हे. महाराजांनी त्या ठिकाणी बुरूज बांधून त्यास तिचे नाव दिले, असे ती कथा सांगते. पहारेकऱ्यांस शिक्षा केली असे सांगत नाही. अडविले जाणे हा अपमान नव्हे. आपल्यालाच तेवढे अडविले जाणे, हा अपमान होय. आमच्या स्नेह्यांच्या पाठीमागून ती मोटार आली नसती, तर अर्धा तास उन्हात उभे राहणे त्यांनी कदाचित हसून सोडून दिले असते.

मग या अपमानाचे कर्तृत्व कोणाकडे? पहारेकऱ्याकडे मुळीच नाही, असे म्हणून त्यास मोकळा करणे सोपे आहे. परंतु तसे करणे म्हणजे त्यास फाटकाच्या कडीसारखी एक वस्तू ठरविणे होय. मनुष्यास केवळ साधन म्हणून वागवू नये असा जो दंडक कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने घालून दिला, त्याचा भंग अशा उदार माफीनेही होतो. 'थांबा' म्हणण्याऐवजी 'थांब' म्हणणे हे त्याचे होते, आणि ते त्यानेही नाकारले नाही. परंतु ज्यास हुकूम मोडल्यास उद्याची नोकरी गमवावी लागेल त्याचा वाटा, आणि ज्याने कागद न वाचता चहाच्या पेल्याबरोबर सही केली त्याचा वाटा, हे दोन वाटे एका मापाचे कसे मानावयाचे?

भागवताच्या तिसऱ्या स्कंधात याच प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर आहे. सनकादिक ऋषी वैकुंठास गेले. वयाने ते सर्वांत वडील, पण दिसावयास पाच वर्षांची उघडी पोरे. सहा द्वारे ओलांडून ते सातव्याशी आले, तेव्हा जय आणि विजय या द्वारपालांनी काठी आडवी करून त्यांस अडविले. म्हणजे रूपावरून माणूस ओळखण्याची चूक वैकुंठाच्या दारावरही झाली. ऋषींनी शाप दिला. परंतु पुढे स्वतः भगवान तेथे आले आणि म्हणाले की, माझ्या सेवकांनी केलेला अपराध मी माझाच समजतो. चाकराच्या वागणुकीने धन्याचेच नाव जाते. शाप टळला नाही. द्वारपालांना दैत्यकुळात आणि राक्षसकुळात जन्म घ्यावे लागले. पण त्यांच्या मागोमाग धन्यालाही अवतार घेऊन खाली उतरावे लागले. आम्हीही खाली उतरलो होतो. लिफ्टने, आणि रागावण्यासाठी.

आणि रागावताना आम्ही कोणते सर्वनाम वापरले, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्हांस आठवले. 'तुला अक्कल आहे का? माणसं ओळखता येत नाहीत तुला?' असे आमचे शब्द होते. तो मनुष्य पंचेचाळिशीच्या पुढचा. त्याची मुलगी महाविद्यालयात शिकते. दोन वर्षे तो आमच्या दारावर होता. आमचे नाव, आमच्या मोटारीचा क्रमांक, आमच्या सौभाग्यवतींच्या बाजारास जाण्याच्या वेळा, आमच्याकडे येणाऱ्या मासिकांची नावे, हे सर्व त्यास पाठ होते. आम्ही त्यास 'वॉचमन' या नावाने ओळखत होतो. पूर्वी नेपाळातून आलेल्या प्रत्येकास 'बहादूर' म्हणण्याची रीत होती, तिच्यात आणि आमच्यात फरक एवढाच की, त्या शब्दात निदान स्तुतीचा भास होता. झिजलेल्या वहाणेस 'तू' म्हणावे हा धडा त्याने कोठे घेतला, हे शोधण्यास दूर जावयास नको होते. तो रोज आमच्याच तोंडून शिकत होता.

कायद्याने त्यास 'सुरक्षा रक्षक' हे नाव दिले आहे. महाराष्ट्रात अशा रक्षकांच्या नोकरीच्या नियमनासाठी व कल्याणासाठी १९८१ साली स्वतंत्र कायदाही झाला. 'सुरक्षा रक्षक' या नावात 'रक्ष्' हा धातू दोन वेळा आला आहे. इतके रक्षण ज्याच्या नावात आहे, त्याच्या स्वतःच्या आबरूचे रक्षण कोणाकडे? 'ड्यूटी' या शब्दाचे मूळही देण्यात आहे. जे दुसऱ्यास देणे लागते ती ड्यूटी. पहारेकऱ्याच्या तोंडी तिचा अर्थ केवळ तास असा उरला. 'ड्यूटी लागली', 'ड्यूटी सुटली', असे तो म्हणतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. देणे एकाच बाजूने मोजले जाऊ लागले की त्याचे तासच उरतात. आम्ही त्यास वेतन देतो, हे खरे. परंतु आमच्या वतीने शंका घेण्याचे, आमच्या वतीने नकार देण्याचे आणि त्यापायी लोकांचा तिरस्कार सोसण्याचे जे काम आम्ही त्याच्यावर सोपविले आहे, त्याची किंमत कोणत्याही वेतनपत्रकात धरलेली नसते.

पूर्वी रात्रीचा पहारेकरी काठी आपटीत 'जागते रहो' अशी हाक देत फिरे. लहानपणी आम्हांस ती हाक विचित्र वाटे. तो जागा असावा एवढ्यासाठी तर त्यास ठेविलेला. मग आपण झोपावे की जागे राहावे? आता असे वाटते की त्या हाकेत एक शहाणपण होते. मी जागा आहे, परंतु त्यामुळे तुमची जबाबदारी सरली असे समजू नका, असे ती घरधन्यास बजावीत असे. नव्या व्यवस्थेत ती हाक राहिली नाही. आम्ही रक्षणाबरोबर आमची शंका, आमची तुसडेपणाची भाषा आणि तिचे पापही दारावर ठेवून निर्धास्त झोपतो.

समितीच्या पुढील बैठकीत आम्ही दुरुस्ती सुचविली. 'संशयास्पद इसम' हे शब्द काढावे. पायी येणारा असो की मोटारीतून येणारा असो, प्रत्येकास नाव, कोणाकडे व काय काम, हे तीनच प्रश्न विचारावे. प्रत्येकास 'आपण' म्हणावे. आणि आपणही पहारेकऱ्यांस तसेच म्हणावे. 'म्हणजे आमच्या पाहुण्यांच्या गाड्याही थांबविणार?' असे एका सभासदाने विचारले. 'होय' असे आम्ही म्हटले. बरीच चर्चा झाली. शब्द काढण्यास सर्वांनी संमती दिली. गाड्यांचा प्रश्न पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला, आणि तो अद्यापि तहकूब आहे. नवा कागद चिकटविला तेव्हा आम्ही पहारेकऱ्यास त्याचे नाव विचारले व पूर्वीच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. तो संकोचला. 'राहू द्या सर,' एवढेच म्हणाला. त्याने क्षमा केली, की साहेबाच्या विक्षिप्तपणास मान दिला, हे आम्ही अद्यापि ठरवू शकलो नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही त्या वृद्ध स्नेह्यांच्या घरी गेलो. गल्ली अरुंद, दाराशी फाटक नाही की चौकी नाही. आम्ही उंबऱ्यापाशी थांबलो. आतून एक मुलगी बाहेर आली, आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, 'आपण कोण? कोणाकडे आलात?'

आम्ही नाव सांगितले. तिने आधी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि मग आजोबांना हाक मारली.